जंजिऱ्याची वजिरी आणि आपली पेढी

दरवर्षी सहामाही परीक्षा आटोपली की शाळेतील मुलांना घेऊन जंजिरा किल्ल्यावर जाण्याचा माझा प्रघात आहे. आगरदांड्याहून राजपुरी गाठायची, तेथून शिडाच्या होडीत बसायचे आणि दहा-पंधरा मिनिटांत किल्ल्याच्या दरवाजाशी उतरायचे, एवढाच प्रवास. मुलांना तोफा पाहायच्या असतात, गोड्या पाण्याचे तलाव पाहायचे असतात. इतिहास ऐकायची त्यांची फारशी तयारी नसते. तरीही मी सांगतो. एकदा असेच सांगत असताना मी म्हणालो, की पूर्वी या किल्ल्याचा मुख्य मरण पावला म्हणजे त्याच्या गादीवर त्याचा मुलगा बसत नसे. आरमारातील सर्वांत लायक अंमलदार बसत असे. तेव्हा आठवीतील एक मुलगा, ज्याच्या घरी दोन मोठ्या होड्या आहेत, तो चटकन म्हणाला, "सर, मग मुलाने काय करायचे?" मी म्हटले, "मुलाने खलाशी म्हणून चढायचे आणि काम शिकून वर यायचे." हे उत्तर त्याला मुळीच आवडले नाही.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा मला धंदा-व्यवसायातील नेतृत्वावर काही लिहिण्यास सांगितले, तेव्हा त्या मुलाचा पडलेला चेहरा आठवला. खरे म्हणजे मी व्यापारी नव्हे. बी. ए., बी. एड. झालेला आणि इतिहास शिकवणारा शिक्षक आहे. ज्या दुकानदारांची, बोटमालकांची व कंत्राटदारांची नावे या स्मरणिकेच्या जाहिरातींच्या पानांवर आहेत, त्यांना मी चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्या हे काहीसे हास्यास्पद वाटेल. परंतु मी एका दुकानदाराचा मुलगा आहे आणि ते दुकान आज चालू नाही. म्हणून या विषयावर बोलण्याचा थोडासा अधिकार मला पोहोचतो, असे मी समजतो.

जंजिऱ्याचे सिद्दी हे मूळचे आफ्रिकेतील, विशेषतः हबसाण म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूचे. अरब व्यापारी लहान मुलांना पकडून वा विकत घेऊन बाजारात आणीत आणि दख्खनच्या सुलतानांचे सरदार त्यांना खरेदी करीत. ही गोष्ट दुःखाचीच आहे आणि तिला साखर लावण्याचे कारण नाही. मात्र त्या काळातील चांगल्या सरदारांच्या घरी अशा गुलामांना घोड्यावर बसणे, शस्त्र चालवणे, हिशेब लिहिणे, फर्माने वाचणे हे सारे शिकवले जाई. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान हा स्वतः हबशी होता. त्याने विकत घेतलेल्या एका मुलाला राज्यकारभाराचे धडे दिले. तोच पुढे मलिक अंबर म्हणून प्रसिद्ध झाला. सुमारे १५४८ साली जन्मलेल्या या माणसाने मोगलांना पंचवीस वर्षे दख्खनमध्ये पुढे सरकू दिले नाही, जमिनीची प्रत लावून महसूल ठरवून दिला, खडकी शहर वसवले आणि तेथे नहरीने पाणी आणले. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे व वडील शहाजीराजे हे दोघेही निजामशाहीच्या चाकरीत वाढले, तो हाच काळ. त्याच निजामशाहीच्या पदरी राजपुरीच्या बेटावरचे हबशी अंमलदार होते. पुढे १६३६ साली निजामशाही संपली, कोकणचा हा भाग विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला आणि जंजिऱ्याच्या मुख्याला वजीर हा किताब मिळून किनाऱ्याचा मुलूख तोडून देण्यात आला. त्यासाठी अटी अशा होत्या: विजापूरच्या व्यापारी गलबतांचे रक्षण करायचे, हजला जाणाऱ्या यात्रेकरूंची वाट मोकळी ठेवायची आणि त्यासाठी आरमार बाळगायचे.

ग्रांट डफ या स्कॉटिश ग्रंथकाराचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापला गेला. त्यात त्याने या वजिरीविषयी मुद्दाम नोंद केली आहे, की ती वंशपरंपरेची नव्हती. वजीर मरण पावला म्हणजे आरमारातील हबशी अंमलदारांपैकी जो सर्वांत योग्य, त्याला वजीर करीत.

आता याचे कारण काय असावे? त्या काळी सगळीकडे बापामागून मुलगा हीच रीत होती. देशमुखी, पाटीलकी, कुलकर्ण, काजीपण, सारे वतनी. मग याच मूठभर लोकांनी वेगळे का वागावे? माझ्या अल्प मतीप्रमाणे उत्तर समुद्रात आहे. जमिनीवरची जहागीर मालक झोपला तरी कारभारी चालवतो. पीक आपल्या वेळेवर येते. गलबताचे तसे नसते. वारा फिरला, खडक पुढे आला, तर तांडेलाला काय कळते यावर सारे अवलंबून. तो कोणाचा मुलगा आहे हे खडक विचारीत नाही. आपल्या आगरदांड्याच्या, राजपुरीच्या, एकदऱ्याच्या होड्यांवर आजही पाहा. होडीचा मालक धनाढ्य असेल, पण समुद्रात शब्द तांडेलाचा चालतो. मालकाचा मुलगा होडीवर चढला तरी तोही तांडेलाचेच ऐकतो. आलेल्या मासळीच्या पैशातून डिझेल-बर्फाचा खर्च वजा करून वाटे पडतात. त्यात होडीचा वाटा वेगळा, माणसांचा वेगळा, आणि तांडेलाला खलाशापेक्षा अधिक. मालकी एकीकडे आणि हुकूमत दुसरीकडे ही गोष्ट आपल्या कोळी व मुसलमान बांधवांना कोणत्याही पदविकेवाचून समजलेली आहे. मात्र हाच होडीवाला जेव्हा गावात दुकान, बर्फाचा कारखाना किंवा लॉज काढतो, तेव्हा तो ती विसरतो आणि गल्ल्यावर सरळ थोरल्या मुलाला बसवतो.

या पद्धतीची खरी कसोटी लागली ती १६७०-७१ च्या सुमारास. त्या वेळी फत्तेखान हा जंजिऱ्याचा वजीर होता. महाराजांनी भोवतालचा सारा मुलूख घेतलेला, दंडाराजपुरी घेतलेली, आणि बेटाला सतत वेढा. विजापूरहून मदत येत नव्हती. फत्तेखान थकला. जहागीर आणि रोख रक्कम घेऊन किल्ला महाराजांच्या हवाली करावा असे त्याने ठरवले. ही गोष्ट त्याच्या हाताखालच्या तीन अंमलदारांना कळली. सिद्दी संबूल, सिद्दी कासीम आणि सिद्दी खैरियत हे ते तिघे. त्यांनी फत्तेखानाला कैद केले, मोगलांकडे संधान बांधले आणि कारभार आपसात वाटून घेतला. संबूलकडे आरमार आले. किल्ला व जमिनीवरचा बंदोबस्त कासीम आणि खैरियत यांनी सांभाळला.

फत्तेखान चुकला की बरोबर होता? वर्गात मुले हा प्रश्न विचारतात आणि त्यांना एका शब्दात उत्तर हवे असते. मी देत नाही. महाराजांच्या हाती जंजिरा गेला असता तर किनाऱ्यावरच्या रयतेचा पुढला पाऊणशे वर्षांचा जाच टळला असता हे उघड आहे, कारण सिद्द्यांच्या स्वाऱ्यांत गावे जळत आणि माणसे पकडून नेली जात, याच्या नोंदी आहेत. फत्तेखानाचा सौदा व्यवहाराच्या दृष्टीने वेडेपणाचाही नव्हता. त्याचे चुकले ते एवढेच, की तो त्याने एकट्याने ठरवला. ज्यांनी त्याच्याबरोबर वेढा सोसला, ज्यांची घरे त्या बेटावर होती, त्यांना त्याने विचारले नाही. ज्या जागेवर माणूस आपल्या बरोबरीच्यांतून निवडून येतो, त्या जागेवरून असा व्यवहार एकट्याने करता येत नाही. आपल्याकडे कितीतरी भागीदारीच्या पेढ्या याच कारणाने मोडतात. एक भागीदार मुंबईला जाऊन परस्पर सही करून येतो, आणि बाकीच्यांना ते बाजारात कळते.

त्यानंतरची हकीकत खाफीखानाने मोठ्या रंगाने लिहिली आहे. होळीच्या रात्री दंडाराजपुरीचे पहारेकरी सणाच्या धुंदीत असताना खैरियतने जमिनीच्या बाजूने हल्ल्याचा गलका केला आणि सारे लोक तिकडे धावताच कासीमने समुद्राच्या बाजूने होड्या लावून तटावर दोर टाकले. मधेच दारूच्या कोठाराचा स्फोट झाला आणि दोन्हीकडची माणसे मेली, पण ठाणे सिद्द्यांच्या हाती आले. खाफीखान मोगलांच्या बाजूचा लेखक, तेव्हा त्याचे सगळेच शब्द प्रमाण मानण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. खैरियतच्या वाट्याला नुसता गलका करण्याचे काम आले आणि नाव झाले कासीमचे. काही काळापूर्वीपर्यंत हे दोघे बरोबरीचे अंमलदार होते. 'गलका मी का करावा, दोर मी टाकतो' असे खैरियत म्हणाला असता तर ती रात्र फुकट गेली असती. दुकानात दोन भाऊ असले म्हणजे एकाने समोर बसून गिऱ्हाईक पाहायचे आणि दुसऱ्याने मागे गोदामात घाम गाळायचा हे ठरते खरे, पण मागच्याचे तोंड किती दिवस गोड राहते हे आपण सारेच जाणतो.

याच वेढ्याच्या दुसऱ्या बाजूचे एक पत्र माझ्या मते कारखाना चालवणाऱ्या प्रत्येकाने वाचावे. जंजिऱ्यासमोर कांसा नावाच्या खडकावर महाराजांनी पद्मदुर्ग बांधण्यास घेतला. सिद्दीच्या तोफांच्या माऱ्याखाली ते काम चालले होते. किल्ल्यासाठी धान्य व पैसा पोहोचवण्याची कामगिरी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याच्यावर होती आणि त्याने ती वेळेवर केली नाही. आरमाराचे दौलतखान व दर्यासारंग अडून पडले. १६७५ च्या जानेवारीत महाराजांनी जिवाजीस जे पत्र पाठवले त्यातला राग आजही हाताला चटका देतो. पैसा आणि धान्य न पोहोचवून तू आरमार खोळंबून ठेवलेस, हबशाने तुला काही देऊन फितवले की काय, तू ब्राह्मण म्हणून तुझी कोणी गय करील असे समजू नकोस, अशा आशयाचे ते पत्र आहे. राज्याभिषेकाला जेमतेम सात-आठ महिने झालेले. एवढ्या मोठ्या राजाने कोण्या सुभेदाराच्या रसदीची चौकशी स्वतः करावी याचे काहींना नवल वाटेल. मला त्याहून अधिक नवल वाटते ते हे, की खडकावर उभ्या असलेल्या माणसाची तक्रार रायगडापर्यंत पोहोचत होती, आणि तक्रार करणारे मुसलमान आरमारी अंमलदार असून दोषी ठरला तो ब्राह्मण सुभेदार. जात पाहिली नाही, काम पाहिले. आपल्या संस्थांमध्ये आणि पेढ्यांमध्ये खालच्या माणसाची तक्रार मालकापर्यंत किती दिवसांत पोहोचते, आणि पोहोचली तर दोष कोणाच्या माथी बसतो, हे प्रत्येकाने आपले आपण पाहावे. (हे शाळांनाही लागू आहे, पण त्यावर येथे न बोललेले बरे.)

याचा अर्थ जंजिऱ्याची पद्धत निर्दोष होती असे मी म्हणत नाही. १६७७ च्या सुमारास मोगलांनी संबूलला दूर करून आरमार कासीमच्या हाती देण्याचा हुकूम केला, तेव्हा संबूल गलबते सोडीना. पावसाळ्यात सिद्दीचे आरमार मुंबईला माझगावच्या बाजूला येऊन थांबत असे. तेथेच दोघांच्या माणसांत चकमकी झाल्या आणि इंग्रजांना मध्यस्थी करावी लागली. सहा वर्षांपूर्वी खांद्याला खांदा लावून लढलेली ही माणसे! लायक माणूस वर बसवण्याची रीत त्यांच्याजवळ होती, पण वर बसलेल्याने उतरावे केव्हा याची रीत नव्हती. हा दोष आपल्या ओळखीचा आहे. साठी उलटलेला संस्थापक मुलाच्या वा व्यवस्थापकाच्या नावाची पाटी दारावर लावतो, आणि रोज सकाळी दहा वाजता येऊन त्याच खुर्चीत बसतो. नोकर बिचारे दोघांकडे पाहत राहतात.

तरीही कासीम, ज्याला याकूतखान हा किताब मिळाला, त्याच्या काळी जंजिऱ्याचा दरारा मोठा होता. १६८९-९० मध्ये त्याने मुंबई बेटावर उतरून माझगाव, माहीम घेतले आणि इंग्रजांना त्यांच्या किल्ल्यात कोंडले. बादशहाची माफी मागितल्यावरच त्यांची सुटका झाली. रायगडही पुढे सिद्दीच्याच ताब्यात आला.

त्यानंतर वजिरीची रीत हळूहळू मोडली आणि घराणे सुरू झाले. १७३३ साली सिद्दी रसूल याकूतखान वारला. त्याला मुले पुष्कळ होती. थोरला अब्दुल्ला हा घरच्याच कटात मारला गेला आणि अब्दुल्लाचा मुलगा अब्दुल रहमान मराठ्यांच्या आश्रयाला गेला. बाजीराव पेशव्यांना याहून चांगली संधी कोणती मिळणार? जो मुलूख साठ वर्षे तोफांनी हाती आला नव्हता, तो भाऊबंदकीने सैल झाला. जून १७३३ मध्ये रायगड मराठ्यांनी परत घेतला. १९ एप्रिल १७३६ रोजी रेवसजवळ चिमाजी आप्पांशी झालेल्या लढाईत सिद्दी सात हा जंजिऱ्याचा नामांकित सरदार पडला. तहात अब्दुल रहमानला जंजिऱ्याचा मुख्य मानण्यात आले आणि अकरा महालांच्या उत्पन्नात मराठ्यांचा निम्मा वाटा ठरला. बेट मात्र त्यांनाही मिळाले नाही, कोणालाच मिळाले नाही. भिंती शाबूत राहिल्या, आतले घर मोडले.

पुढेही तेच. १७८४ नंतर बाळूमियाँ हा गादीचा वारस आणि सिद्दी जौहर हा प्रत्यक्ष ताबा असलेला सरदार असा तंटा लागला. बाळूमियाँ पुण्यास पेशव्यांकडे गेला. १७९१ साली त्याने जंजिऱ्यावरचा हक्क सोडून देण्याच्या बदल्यात सुरतेजवळचा सचीनचा मुलूख घेतला आणि तेथे सिद्द्यांचे दुसरे संस्थान उभे राहिले. गंमत अशी, की पेशव्यांनी सचीन देऊन जो जंजिरा विकत घेतला, तो त्यांना कधीच मिळाला नाही. ज्याच्या हातात किल्ली, त्याला वगळून कागद केला की असे होते. पुढे इंग्रजांच्या छत्राखाली नबाबी वडिलोपार्जित झाली आणि १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत टिकली. पण ती टिकली ती छत्रामुळे.

मलिक अंबरचा विषय निघालाच आहे तर त्याचेही पुढचे सांगितले पाहिजे. विक्रीचा माल म्हणून आलेला आणि केवळ कर्तबगारीने वर चढलेला हा पुरुष १६२६ साली वारला, तेव्हा त्याच्या जागी कोण आले? त्याचा मुलगा फत्तेखान. (हा फत्तेखान निराळा आणि जंजिऱ्याचा निराळा, परीक्षेत मुले दोघांची हमखास गल्लत करतात.) या मुलाने आपल्याच सुलतानाचा घात केला, कधी मोगलांकडे तर कधी विजापूरकडे झुकला आणि १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला महाबतखानाच्या हवाली केला. ज्याला स्वतःला योग्यतेवर निवडले गेले होते, त्याला दुसऱ्याची निवड योग्यतेवर होण्याची तजवीज करता आली नाही. ट्यूनिसमध्ये १३३२ साली जन्मलेल्या इब्न खल्दून या इतिहासकाराने घराण्यांचे वैभव चार पिढ्यांचे असते असे प्रतिपादले आहे. पहिला उभारतो, दुसरा बापाजवळ राहून पाहतो, तिसरा नुसती नक्कल करतो आणि चौथ्याला वाटते की हे आपल्याला जन्मानेच मिळालेले आहे. मलिक अंबरच्या घरात मधल्या दोन पिढ्या वगळल्या गेल्या, इतकेच.

सारी उदाहरणे लढायांचीच झाली असे कोणी म्हणेल, म्हणून एक व्यापाराचे. मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई हे नाव सर्वांना ठाऊक आहे. १८१८ मध्ये त्यांनी जी पेढी काढली तिच्यात त्यांचे भागीदार होते मोतीचंद अमीचंद हे जैन व्यापारी आणि मोहम्मद अली रोगे हे आपल्या कोकणी मुसलमान समाजातील गृहस्थ. पुढे रोजेरिओ द फारिया हे गोव्याकडील ख्रिस्ती व्यापारीही सामील झाले. चीनशी त्यांचा व्यापार कापसाचा आणि अफूचा. अफूच्या पैशाचे समर्थन मी करणार नाही. त्या व्यापाराने चीनचे जे वाटोळे झाले ते इतिहासात आहे. परंतु पेढीची मांडणी पाहण्यासारखी होती. माळव्याच्या मालाची ओळख एकाकडे, गलबते आणि नाखुदा यांची जाण दुसऱ्याकडे, पोर्तुगीज बंदरांतली दारे उघडणारा तिसरा, आणि सर्वांना बांधून ठेवणारी जमशेटजींची पत. चौघेही एकमेकांचे सोयरे नव्हते. एकमेकांकडे नसलेले काहीतरी प्रत्येकाजवळ होते, म्हणून ते एकत्र आले. १८७४ मध्ये मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी प्रभृतींनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली, तेव्हा संस्थापकांच्या नावांत रोगे हे नाव पुन्हा दिसते.

आमच्या खाडीपलीकडे दिघी बंदर आहे. ते उभारणारी कंपनी कर्जात बुडाली, २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायासनापुढे गेले आणि २०२१ मध्ये अदानी समूहाच्या कंपनीने ७०५ कोटी रुपयांना ते घेतले. इतक्या मोठ्या आकड्यांत माझी बुद्धी चालत नाही. माझ्या घरचा आकडा लहान आहे, तो सांगतो.

अब्बांचे दुकान होड्यांना लागणाऱ्या सामानाचे होते. दोर, जाळ्याचे सूत, खिळे, रंग, डांबर, इंजिनाचे बारीकसारीक भाग. दुकानात एक माणूस होते. आम्ही भावंडे त्यांना चाचा म्हणत असू. सव्वीस वर्षे ते त्या दुकानात होते. कोणत्या होडीला किती जाडीचा दोर लागतो, कोणाची उधारी पक्की, कोणाची होळीपर्यंत येणारच नाही, हे त्यांना तोंडपाठ. पण सव्वीस वर्षांत अब्बांनी त्यांच्या हाती गल्ल्याची किल्ली दिली नाही आणि माल आणायला मस्जिद बंदरला कधी एकट्याला पाठवले नाही. अविश्वास होता असे नाही. तसे करण्याचे कधी मनातच आले नाही. दुकान मुलांचे, हे गृहीत होते.

मुलांत थोरला मी. २०१२ मध्ये मला शाळेची नोकरी लागली, त्याच्या आदल्या आठवड्यात अब्बांनी मला विचारले होते, आणि मी नकार दिला. त्या नकाराचा मला पश्चात्ताप नाही. मी दुकान चांगले चालवले नसते. मला खंत आहे ती निराळ्याच गोष्टीची. 'मी येत नाही' एवढेच मी म्हणालो. 'मग चाचांना पुढे करा' हे म्हणालो नाही. इतिहासाचा पदवीधर असून मला ते सुचले नाही.

२०१६ साली अब्बांना अर्धांगवायू झाला. धाकटा भाऊ कुवेतची नोकरी सोडून आला आणि दुकानात बसला. मेहनती आहे, हिशेबाला पक्का आहे, तिकडे मोठ्या कंपनीच्या गोदामात काम केलेला. त्याने पहिल्याच वर्षी उधारी बंद केली. कागदावर त्याचे म्हणणे बिनचूक होते. परंतु जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि नेमके तेव्हाच दुरुस्तीचे सामान लागते. पैसा येतो तो नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्यावर. त्या दोन महिन्यांत रोख मागणे म्हणजे गिऱ्हाइकाला दार दाखवणे. चाचांनी एकदा सांगून पाहिले. भाऊ म्हणाला, "चाचा, तुम्ही माल काढून द्या, हिशेबाचे मी पाहतो." ते पुन्हा बोलले नाहीत. गिऱ्हाईक मुरूडला जाऊ लागले. २०१९ च्या पावसाळ्यानंतर आम्ही दुकान बंद केले आणि भाऊ परत आखातात गेला. दोष त्याला देणे सोपे आहे, पण मी देत नाही. खलाशी न होता त्याला एकदम तांडेल केले, तेही बाप बोलू शकत नसताना.

चाचांनी स्वतःच्या मुलाला घेऊन जेटीच्या रस्त्यावर एक लहान गाळा घेतला आहे. आमची जुनी गिऱ्हाइके बहुतेक तेथेच जातात. गल्ल्याची किल्ली त्यांच्या मुलाकडे असते, पण दोन वर्षे त्याला त्यांनी फक्त सामान मोजायला लावले होते, हे मी स्वतः पाहिले आहे.

अब्बांची जुनी खातेवही घरी आहे. तिच्यातली निशाणी-खुणा फक्त दोघांनाच वाचता येतात. शुक्रवारी दुपारी नमाजनंतर चाचा येतात, पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसतात आणि एकेक नाव वाचतात. अब्बांची जीभ अजून जड आहे. ते मान हलवून होय-नाही सांगतात. ज्यांची नावे निघतात त्यांना चाचा रस्त्यात भेटून आठवण करून देतात, आणि जमेल तसे पैसे आणून अब्बांच्या उशाशी ठेवतात. गेल्या महिन्यात अशी दोन खाती पुरी झाली. अजून एकतीस आहेत.